मंगळवार पेठेतली बिननावाची खानावळ, आक्कांची भाकरी आणि 'लेडीज'ची पाटी

दोन महिन्यांत चारदा जेवून आले म्हणून आता लिहिते, एकदा खाऊन लगेच रिव्ह्यू टाकणं मला पटत नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका तालमीच्या मागच्या बोळात ही खानावळ आहे. नाव विचारू नका, बोर्डावर नावच नाही. पांढऱ्या पत्र्यावर लाल अक्षरात 'येथे घरगुती मटण भाकरी मिळेल' आणि खाली निळ्या रंगात 'लेडीजसाठी स्वतंत्र सोय' एवढंच लिहिलंय. गल्लीतली लोकं 'आक्कांच्यात' म्हणतात, तुम्हीपण तसंच विचारा, तालमीपुढं बसलेली पोरं बरोबर दाखवतात.

मटण थाळी ३२० रुपये, शाकाहारी १५०. थाळीत सुकं, तांबडा, पांढरा, दोन ज्वारीच्या भाकरी, भात, दही-कांदा आणि मागितला तर खर्डा. रस्सा पाहिजे तेवढा, वाटी रिकामी दिसली की पोरगा न विचारता ओतून जातो. पांढरा रस्सा इथला खरंच चांगला, कारण अळणी पाणी मटणाचं आहे हे कळतं, नुसतं नारळाचं दूध आणि काजूची पेस्ट ढकलून केलेला नाही, तीळ-खसखस पण बेताची, आणि चारही वेळा एकदासुद्धा फुटलेला नव्हता. तांबड्याला मात्र कट जरा जास्त असतो, माझ्या आईला तेवढं तेल सोसत नाही, तिनं पहिल्या दिवशी वाटी तिरकी करून वरचं तेल भातावर न येऊ देता बाजूला काढलं आणि मग खाल्लं. मटण दोनदा एकदम लुसलुशीत होतं, एकदा जरा वातड, एकदा मधलं. साडेचार स्टार देतेय ते मटणासाठी नाहीच, भाकरीसाठी देतेय.

आई भाकरीच्या बाबतीत कुणाला सोडत नाही. लग्नाघरी, मोठ्या हॉटेलात, माझ्या घरी, कुठंही भाकरी आली की आधी ती पापुद्रा सुटतोय का बघते, मग मोडून आतला वास घेते, मग काय ते बोलते, आणि बहुतेक वेळा 'पीठ मळलंच न्हाई' असंच बोलते. इथं तिनं पहिला घास घेतला आणि काहीच बोलली नाही, दुसरी भाकरी मागितली आणि मग उठून थेट आत गेली. मी आणि माझी पोरगी मागनं गेलो.

आत एक साठीच्या आसपासच्या आक्का, खाली पाट टाकून बसलेल्या, पुढ्यात लाकडी काटवट, बाजूला गरम पाण्याचं पातेलं. भाकरी तव्यावरची उतरली की मगच पुढचं पीठ घ्यायचं, असा त्यांचा हिशोब, दहा भाकरीचं एकदम मळून ठेवायचं नाही. मुठीनं पीठ ओढून मध्ये आळं केलं, त्यात कढत पाणी, आधी उलथन्याच्या टोकानं कालवलं आणि मग तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं रेटा सुरू. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो, गव्हाचं कसंही मळा ते धरून राहतं, ज्वारीला गरम पाण्यानं आणि हाताच्या जोरानंच चिकटी आणावी लागते, आणि हात थांबला की थापताना कडा चिरतात. आक्का रेटतायत, गोळा करतायत, परत रेटतायत, मनगटापर्यंत पीठ, बांगड्या वर सारून कोपराजवळ नेलेल्या. मग गोळा, खाली कोरडं पीठ, आणि थप थप थप करत एका हाताच्या बोटांनी भाकरी फिरत मोठी होत जाते. तव्यावर टाकली की वरनं पाण्याचा हात, पाणी सुकायच्या आत उलटी, मग जाळावर टम्म. आई उभ्या उभ्या बघत होती, शेवटी म्हणाली, 'आक्का, पाणी आधणाचं घेताय न्हवं?' 'व्हय की, त्याबिगर कशी येईल,' एवढ्यावर त्यांची ओळख झाली.

आता खटकलेली गोष्ट. पहिल्या दिवशी आम्ही तिघी आत शिरलो तर पोरगा लगेच म्हणाला 'लेडीज तिकडं, आत बसा', आणि पडद्यामागच्या खोलीत नेलं. खोली म्हणजे आठ बाय दहा, एक पंखा, तोही बंद, खिडकी बोळाकडं आणि ती पण लावलेली, एप्रिलचा महिना, दुपारचा एक. बाहेरच्या हॉलमध्ये दोन पंखे चालू आणि चार टेबलं मोकळी. मी म्हणलं आम्हाला बाहेर बसायचंय, तर तो बिचारा गोंधळला, म्हणाला 'ताई बाहेर जेन्ट्स असत्यात, लेडीजला बरं वाटत न्हाई'. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, चांगल्यासाठीच म्हणत होता. आम्ही बाहेर बसलो, कुणाला काही झालं नाही, शेजारच्या टेबलावरच्या तालमीतल्या पोरांनी आईकडं खर्डा सरकवला. तिसऱ्या वेळेपर्यंत आतला पंखा दुरुस्त झाला होता आणि पोरगा आता नुसतं विचारतो 'हिकडं का तिकडं', हे मला जास्त आवडलं. काही बायकांना आतच बसायचं असतं, लेकराला दूध पाजायचं असतं, निवांत खायचं असतं, त्यांना ती खोली असावीच. फक्त विचारून.

पण माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. त्या पोरानं आतल्या आक्कांसाठी भाकरीची ऑर्डर दिली ती अशी, 'बाई, लेडीजला दोन वाढीव'. म्हणजे भाकरी करणारी बाई, खाणारी लेडीज. मी हायस्कूलला इंग्रजी शिकवते, पंधरा वर्षं झाली, आणि हे वाक्य ऐकून मला जागच्या जागी उठून त्याला काहीतरी सांगावंसं वाटलं, कारण लेडी ह्या शब्दाचा मूळ अर्थच 'पीठ मळणारी' असा आहे.

खरंच. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत हा शब्द 'ह्लॅफदिगे' असा होता. त्यातला 'ह्लाफ' म्हणजे पाव, आजचा 'लोफ', आणि 'दिगे' म्हणजे मळणारी, आज मळलेल्या पिठाला इंग्रजीत 'डो' म्हणतात तो त्याच घरातला शब्द. घरातल्या सगळ्यांची भाकरी जिच्या हातात ती घराची मालकीण. झिजत झिजत तीन-चारशे वर्षांत ह्लॅफदिगेचं लेडी झालं आणि पीठ गळून गेलं. लॉर्ड पण तसाच, 'ह्लाफवेर्ड', म्हणजे पाव राखणारा. आणि घरातल्या नोकराला, पोसलेल्या माणसाला एक शब्द होता 'ह्लाफएटा', सरळ अर्थ पाव खाणारा. एक राखणार, एक मळणार, बाकीचे खाणार, अख्खं घर एका पावाभोवती बसवलेलं.

मी आता त्या खानावळीत बसले की मला ते तिन्ही शब्द समोर दिसतात. गल्ल्यावर आक्कांचे मालक बसतात, पैसे घेतात, रविवारी मटण किती राहिलंय त्याचा हिशोब ठेवतात आणि भाकरीची टोपली त्यांच्या नजरेखालनंच बाहेर येते, ते लॉर्ड. आम्ही टेबलावर बसलेले सगळे, लेडीज काय आणि जेन्ट्स काय, पाव खाणारे. आणि लेडी त्या अख्ख्या खानावळीत एकच, ती आत पाटावर बसलीय, आणि तिला सोडून बाकी सगळ्या बायकांना तो शब्द लागतो.

दुसऱ्या वेळी गेले तेव्हा गर्दी नव्हती, आक्का बाहेर येऊन पदरानं घाम पुसत बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. म्हणलं आक्का, तुमच्या बोर्डावर लेडीज लिहिलंय त्या खऱ्या लेडीज तुम्हीच. त्या हसल्या, म्हणाल्या, 'न्हाई ओ ताई, लेडीज म्हंजे तुमच्यासारख्या, गाडीवर आल्या, पर्स घेतली, बसून जेवल्या. मी आपली बाई.' मग मी पाव मळणारीचं आणि राखणाऱ्याचं सांगितलं. जरा वेळ गप्प बसल्या आणि विचारलं, 'आन ते राखणारा म्हंजे काय करत हुता?' मी म्हणलं घर सांभाळायचा, धान्य राखायचा. गल्ल्याकडं बघून म्हणाल्या, 'म्हंजे बसूनच की.' मालक पण हसले.

'मी आपली बाई' हे मात्र मला लागलं. कारण बाई हा काय कमी शब्द आहे का? कोल्हापूरची गादी जिनं उभी केली तिचं नाव ताराबाई, शिवाय मुक्ताबाई, जिजाबाई, अहिल्याबाई, सगळीकडं बाई म्हणजे मान. मला शाळेत पोरं अजून 'बाई' म्हणून हाक मारतात आणि नवीन इंग्लिश मीडियमवाल्यांनी त्याचं 'मिस' केलं तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आणि तोच शब्द आता धुण्याभांड्याची बाई, कामाला बाई बघताय का, आमची बाई आज आली नाही, असा होऊन बसलाय. इंग्रजीत वाईफ म्हणजे आधी नुसती बाई, कुणाची तरी बायको असायची गरज नव्हती, मिडवाईफ मधली वाईफ अजून तीच जुनी. आपल्याकडं पण बायका म्हणलं की सगळ्या स्त्रिया आणि बायको म्हणलं की एकाचीच, एकवचन झालं की नवरा चिकटतो. आपल्यावरून त्यांना हसायची गरज नाही आणि त्यांच्यावरून आपल्याला.

लेडीचं पुढं काय झालं तेही सांगते, शाळेत पोरांना सांगताना मला स्वतःलाच आवडतं. पीठ गेल्यावर तो शब्द वर वर चढत गेला. येशूच्या आईला 'अवर लेडी', तिच्या नावानं ठिपक्याच्या लाल किड्याला लेडीबर्ड, मग सरदारांच्या आणि सर किताब मिळालेल्यांच्या बायकांना लेडी. मग हळूहळू चांगल्या घरातली, चांगल्या वागणुकीची कुठलीही बाई लेडी, आणि मग सगळ्याच. आता अमेरिकेत रस्त्यात कुणी 'हे लेडी' म्हणलं तर तो मान नसतो, वैतागून मारलेली हाक असते. लॉर्ड मात्र तिथंच वर राहिला, रस्त्यात कुणी कुणाला 'हे लॉर्ड' म्हणत नाही. मास्टर आणि मिस्ट्रेसचं तसंच झालं, मास्टर उस्ताद झाला आणि मिस्ट्रेसचा काय अर्थ उरला ते सगळ्यांना माहितीय. स्पिन्स्टर म्हणजे सूत कातणारी, हातात धंदा असलेली बाई, तो शब्द आधी लग्न न झालेलीसाठी कागदोपत्री आला आणि मग टोमणा झाला, इंग्लंडमध्ये लग्नाच्या रजिस्टरमधनं तो २००५ ला काढला. बॅचलरला मात्र कधी कुणी टोमणा मारला नाही. १९७० च्या दशकात रॉबिन लॅकॉफ नावाच्या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ बाईंनी ह्यावर बोट ठेवलं होतं, की साफसफाई करणारीला गोड वाटावं म्हणून क्लीनिंग लेडी म्हणता, मग कचरा उचलणाऱ्या पुरुषाला जंटलमन का म्हणत नाही? हे एक उदाहरण वर्गात दिलं की पोरींना लगेच कळतं, पोरांना दोन मिनिटं लागतात पण कळतं.

आणि आपल्या कोल्हापुरात हा शब्द बोर्डाच्या रंगासकट राहतोय, लेडीज टेलर, लेडीज रुमाल, लेडीज सायकल, दवाखान्यापुढं 'लेडी डॉक्टर उपलब्ध'. ह्या लेडी डॉक्टरची एक गोष्ट पण आपल्या दाराशी आहे बरं का. आज आपण सीपीआर, म्हणजे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणतो ते तेव्हाचं अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, तिथल्या बायकांच्या वॉर्डावर १८८६ ला कोल्हापूर संस्थानानं आनंदीबाई जोशींना नेमलं होतं, अमेरिकेतनं डॉक्टरकी करून येत होत्या त्या. येताना आजारीच होत्या, १८८७ च्या फेब्रुवारीत गेल्या, वयाच्या एकविसाव्या वर्षी, कोल्हापूरला रुजू व्हायचं राहूनच गेलं. सीपीआरच्या चौकातनं रिक्षा वळली की मला दरवेळी ते आठवतं. तेव्हा लेडी डॉक्टर म्हणणं मला समजतं, बायका पुरुष डॉक्टरला हात लावू द्यायच्या नाहीत, जीव जायचे, बोर्डावर तो शब्द दिसला की बाई आत जायची. आज माझ्या वर्गातल्या तीन पोरींना डॉक्टर व्हायचंय आणि एकीनंही मला लेडी डॉक्टर व्हायचंय असं म्हणलेलं नाही.

आपण ह्या शब्दाला अजून एक केलंय, तो कायमचा अनेकवचनात ठेवलाय. एकटी बाई असली तरी 'एक लेडीज आलीय'. एसटीत २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हापासून कंडक्टर 'लेडीज हाफ' म्हणत पुढं सरकतो, एकटी असली तरी लेडीज हाफ. पूर्वी मला हे ऐकलं की लाल पेन काढावंसं वाटायचं. आता नाही वाटत, कारण आपल्यात ही सवय जुनीच आहे, आजोबा आजीला 'आमची मंडळी' म्हणायचे, 'आमचं कुटुंब गावाला गेलंय' म्हणायचे आणि गेलेली असायची एकटी आजी. मराठीनं एका बाईला नेहमी घोळक्यातच मोजलंय, लेडीज त्याच रांगेत येऊन बसली. ती चूक नाही, आपलं वळण आहे. फक्त त्या घोळक्यातनं भाकरी थापणारीला वगळायचं नाही एवढंच माझं म्हणणं आहे, आणि ते मी त्या पोराला पण सांगितलं, रागवून नाही, बाजूला घेऊन. तो म्हणाला मग काय म्हणू, मी म्हणलं आक्का म्हण, सगळी गल्ली आक्का म्हणतीय. मागच्या आठवड्यात गेले तर आत बघून ओरडत होता, 'आक्का, लेडीजला दोन वाढीव'. मला तेवढं पुरलं.

एक अजून राहिलं. जेवण झाल्यावर संध्याकाळची वेळ असली तर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जा, म्हशी समोर उभ्या असतात, पिळलेलं धारोष्ण दूध तिथंच ग्लासात मिळतं, मटणावर दूध नको म्हणणारे घरी जाऊ द्यात पण शाकाहारी थाळी घेतली असेल तर नक्की. माझ्या पोरीला तिथं मी सांगितलं की डेअरी हा शब्द पण लेडीची चुलतबहीण आहे. ती मळणारी 'दिगे', तिचाच दुसरा शब्द मोलकरणीला लागला, मग दूधदुभतं बघणारीला, आणि ती जिथं काम करायची ती खोली डेअरी झाली. म्हणजे एकीची मालकीण झाली, एकीची मोलकरीण, हात दोघींचे पिठातलेच. पोरगी ओठावरची दुधाची मिशी पुसत म्हणाली मग आजी कोण. आजीला विचार म्हणलं. आजी म्हणाली, मी म्हशी पण पिळल्यात आन भाकऱ्या पण थापल्यात, दोन्ही लिव्ह.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी बंद. दुपारी साडेअकरा ते तीन, रात्री साडेसात ते दहा. रविवारी एकच्या आत पोचा, दीडला मटण संपतं आणि मग अंड्याचा रस्सा मिळतो, तो साधाच आहे. गाडी तालमीपुढं लावा, बोळात स्कूटीसुद्धा वळत नाही. फोनवरनं पैसे घेतात पण रेंज जाते, सुट्टे जवळ ठेवा. हात धुवायचा नळ बाहेर आहे, साबण असतो, टॉवेल नसतो. बायकांचं टॉयलेट आहे आणि चारही वेळा स्वच्छ होतं, हे मुद्दाम लिहितेय कारण 'लेडीजसाठी स्वतंत्र सोय' असा बोर्ड लावून नुसता पडदा टांगणारी ठिकाणं मी बघितलीत. तांबड्याला तेल कमी पाहिजे तर आधी सांगा, वरचा कट काढून देतात. आणि भाकरी घरी न्यायची असेल तर एक २५ रुपयाला मिळते, पण गेल्या गेल्या सांगून ठेवा, कारण आक्का आधी करून ठेवत नाहीत, तुमचं जेवण उरकेपर्यंत मळून, थापून, टोपलीत उभी करून ठेवतात म्हणजे वाफेनं ओली होत नाही.